रहस्यकथेतील विसरलेले पात्र

बँकेतील नोकरी म्हटली की बदली ही आलीच. दर तीन-चार वर्षांनी बिऱ्हाड हलते आणि प्रत्येक वेळी सामान उचलणारी माणसे एकाच खोक्यापाशी थबकतात. ‘‘मॅडम, यात काय धोंडे भरलेत?’’ त्या खोक्यात माझी पुस्तके असतात. त्यांतील निम्म्याहून अधिक पुस्तकांत पहिल्या पन्नास पानांच्या आत एखादा तरी खून पडलेला असतो, हे मी त्यांना सांगत नाही. सहकाऱ्यांना मात्र ते ठाऊक आहे. जेवणाच्या सुट्टीत डब्याशेजारी उघडलेले पुस्तक दिसले की आमचे एक ज्येष्ठ रोखपाल हमखास विचारतात, ‘‘आज कोण गेले?’’

हा छंद मला वारशाने मिळाला. माझे आजोबा टपाल खात्यात होते आणि त्यांच्या लोखंडी ट्रंकेत, जुन्या पावत्यांच्या गठ्ठ्याखाली, बाबूराव अर्नाळकरांच्या पातळ पुस्तिकांची चळत असे. हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिणाऱ्या या लेखकाचा धनंजय, झुंजार आणि काळा पहाड यांच्याशी माझी ओळख उन्हाळ्याच्या सुट्टीत, भर दुपारी, आजी झोपलेली असताना झाली. आजीच्या लेखी ते ‘असले वाचन’ होते. पुढे कॉलेजात असताना गल्लीतल्या वाचनालयातून सुहास शिरवळकरांची पुस्तके भाड्याने आणली. दारा बुलंद, फिरोझ इराणी, मंदार पटवर्धन, बॅरिस्टर अमर विश्वास ही नावे आमच्या मैत्रिणींच्या गप्पांत नातेवाइकांसारखी येत. ‘दुनियादारी’वर २०१३ साली चित्रपट निघाला तेव्हा नव्या पिढीला शिरवळकर कळले, ते पाहायला लेखक मात्र नव्हते, २००३ मध्येच ते गेले. भालबा केळकरांनी मराठीत आणलेला शेरलॉक होम्स मी पुढे मूळ इंग्रजीत वाचला, तरी बेकर स्ट्रीटवरच्या त्या खोलीतील माणसे मनात अजून मराठीतच बोलतात. अ‍ॅगाथा ख्रिस्ती आली ती एम. कॉम.च्या वर्षांत, एसटीच्या प्रवासात.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला ही पुस्तके का आवडावीत, असा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे. मला त्यात काहीच विसंगती वाटत नाही. लेखापरीक्षण शिकवताना आम्हाला पहिल्याच आठवड्यात सांगितले गेले होते की तेरीज जुळली म्हणजे हिशेब बरोबर आहे असे समजू नये. एका बाजूची चूक दुसऱ्या बाजूच्या चुकीने झाकली जाऊन दोन्ही बेरजा सारख्या येऊ शकतात. ख्रिस्तीबाई वेगळे काय सांगतात? सर्वांच्या जबान्या जुळतात, घड्याळातील वेळा जुळतात, आणि तरीही कुठेतरी एक आकडा खोटा असतो. पहिल्या महायुद्धात त्यांनी रुग्णालयाच्या औषधालयात काम केले होते. विषांची त्यांची जाण तिथली. कादंबरीतही मात्रा मोजून द्यावी तशी त्या माहिती देतात, कमी नाही आणि जास्तही नाही. त्यांच्या कितीतरी खुनांच्या मुळाशी मृत्युपत्र असते, ही बाब आमच्यासारख्या वारसनोंदणीचे अर्ज हाताळणाऱ्या माणसांना विशेष भावते, हे जाता जाता नमूद करते.

थोडक्यात काय, तर आपली नजर तयार झाली आहे असा माझा समज होता.

गेल्या वर्षीच्या पावसाळ्यातील गोष्ट. (संबंधित व्यक्तीच्या परवानगीने लिहीत आहे, ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.) आमच्या शाखेच्या एक जुन्या खातेदार, निवृत्त शिक्षिका. शाखेतील आम्ही सारेच त्यांना ‘बाई’ म्हणतो. सकाळी कामकाज सुरू होताच त्या माझ्या टेबलापाशी आल्या. त्यांना साडेसहा लाख रुपयांची मुदत ठेव मोडून ती रक्कम त्याच दिवशी आरटीजीएसने दुसऱ्या एका खात्यात पाठवायची होती. ठेवीची मुदत पूर्ण होण्यास अवघे १९ दिवस उरले होते. व्याजाचे नुकसान होईल हे मी सांगितले. ‘‘चालेल,’’ त्या म्हणाल्या. पासबुकातील अकरा रुपयांच्या नोंदीचाही खुलासा मागणाऱ्या बाई ‘चालेल’ म्हणाल्या! हातातील मोबाईल त्यांनी टेबलावर पालथा ठेवला होता आणि त्याच्या कडेने उजेड दिसत होता. पैसे कशासाठी, असे विचारले. क्षणभर थांबून उत्तर आले, ‘‘भाच्याला घर घ्यायचंय.’’

मनात काहीतरी खटकले, हे मी नाकारत नाही. परंतु तो निवृत्तिवेतनाचा दिवस होता आणि टेबलापुढे रांग होती. अर्ज बिनचूक भरलेला होता. सही वळणदार, सुवाच्य, आणि नमुना सहीशी तंतोतंत जुळणारी. मी व्यवहार मंजूर केला. त्या रात्री घरी एक इंग्रजी रहस्यकादंबरी संपवली आणि शेवटच्या प्रकरणाआधीच खुनी ओळखल्याबद्दल स्वतःची पाठही थोपटून घेतली.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेजारच्या गृहस्थांबरोबर बाई शाखेत आल्या. त्यांच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडल्याचे सांगून, पोलीस अधिकारी असल्याची बतावणी करणाऱ्या कुणीतरी त्यांना दोन दिवस व्हिडिओ कॉलवर ‘अटकेत’ ठेवले होते. ‘डिजिटल अटक’ असा कोणताही प्रकार आपल्या कायद्यात नाही, हे आता बहुतेकांनी ऐकले आहे. २०२४ च्या ऑक्टोबरात पंतप्रधानांनी आकाशवाणीवरून देशाला सावध केले होते. बाईंनीही ते ऐकले होते. पण फोनवरचा माणूस गणवेशात होता, त्याच्यामागे झेंडा होता आणि त्याला त्यांचा आधार क्रमांक पाठ होता. आम्ही तत्काळ १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवून घेतली. थोडी रक्कम पुढच्या खात्यात गोठवता आली. बाकीची तोवर कुठल्या कुठे गेली होती.

माझ्याविरुद्ध कुणी काही लिहिले नाही, कारण नियमाप्रमाणे सारे योग्यच झाले होते. तेरीज जुळली होती. तरीही त्यानंतरचे दोन महिने मला रहस्यकथा हाती धरवेना. टेबलावर एकामागून एक सुगावे मांडलेले होते. कादंबरीत ते असते तर मी पेन्सिलीने खुणा केल्या असत्या.

पुन्हा वाचायला बसले तेव्हा एक गोष्ट नव्याने जाणवली, आणि हा लेख लिहिण्याचे खरे कारण तेच आहे. १९२९ साली रोनाल्ड नॉक्स या इंग्रज धर्मगुरूने (ते स्वतः रहस्यकथाही लिहीत) रहस्यकथेचे दहा नियम सांगितले. गुन्हेगार कथेत लवकर यावा, भुताखेतांचा आधार घेऊ नये, गुप्त खोली एकाहून अधिक नसावी, अज्ञात विष वापरू नये, सापडलेला सुगावा वाचकापासून लपवू नये, वगैरे. गुन्हेगाराविषयी नियम आहे, गुप्तहेराविषयी आहे, त्याच्या भाबड्या मित्राविषयीही आहे. ज्याचा खून होतो त्याच्याविषयी एकही नियम नाही.

तसा तो नसण्याला कारण आहे. त्या काळची रहस्यकथा हे कोडे होते आणि कोड्यात दुःखाला जागा ठेवून चालत नाही. म्हणून खून बहुधा तिरसट, श्रीमंत, कुणालाच नकोशा अशा काकांचा होतो. त्यामुळे सर्वांवर संशय घेता येतो आणि वाचकाला रडू येत नाही. तिसऱ्या पानावर काका गालिच्यावर पडतात, आणि उरलेल्या अडीचशे पानांत त्यांच्याविषयी जे काही कळते ते फक्त त्यांना मारण्याची कारणे शोधण्यापुरते. मी पंचवीस वर्षे गुन्हेगार ओळखण्याचा सराव केला होता. टेबलापलीकडे बसलेली व्यक्ती जर गुन्हेगार असती, तर कदाचित मी तिला पकडलेही असते! गुन्हा जिच्यावर होत आहे ती व्यक्ती कशी दिसते, याचा सराव मात्र कुणी करवून घेतला नव्हता.

मग मी मुद्दाम त्या दृष्टीने पुस्तके शोधू लागले. त्यांपैकी सर्वांत अस्वस्थ करणारे पुस्तक कादंबरी नाही. हॅली रुबेनहोल्ड या इतिहासकार लेखिकेचे ‘द फाइव्ह’ हे पुस्तक २०१९ साली प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी त्याला ललितेतर पुस्तकांसाठीचा बेली गिफर्ड पुरस्कार मिळाला. १८८८ साली लंडनच्या व्हाइटचॅपल भागात ‘जॅक द रिपर’ने पाच स्त्रियांचे खून केले. तो कोण होता, या प्रश्नावर सव्वाशे वर्षे पुस्तकांचे ढीग रचले गेले. रुबेनहोल्डबाईंना तो प्रश्नच नको आहे. त्या पाचजणी कोण होत्या, एवढेच त्या विचारतात. खुनांचे वर्णन त्यांनी पुस्तकात केलेलेच नाही.

आणि मग एकेक आयुष्य उलगडत जाते. पॉली निकोल्स ही लोहाराची मुलगी, छापखान्यात काम करणाऱ्याची बायको. संसार मोडला आणि ती अनाथगृहे नि धर्मशाळा यांच्या फेऱ्यांत सापडली. अ‍ॅनी चॅपमनचा नवरा एका बड्या घरचा कोचमन. तिला दारूने घालवले. एलिझाबेथ स्ट्राइड स्वीडनमधील शेतकऱ्याच्या घरात जन्मली आणि लंडनमध्ये नवऱ्याबरोबर तिने कॉफीचे दुकानही चालवले होते. या पाचही जणी वेश्या होत्या असे जग आजवर धरून चालले. बहुतेकींच्या बाबतीत त्याला पुरावाच नाही, असे लेखिका कागदपत्रांनिशी मांडते. त्या बेघर होत्या आणि त्यांतील बऱ्याचजणी उघड्यावर झोपेत असताना मारल्या गेल्या असाव्यात, असे तिचे म्हणणे आहे. हे म्हणणे सर्व अभ्यासकांना मान्य आहे असे नाही, आणि काही ठिकाणी लेखिका पुराव्याच्या एक पाऊल पुढे जाते असे मलाही वाटले. पण पुस्तकाच्या शेवटी त्या स्त्रियांजवळ सापडलेल्या वस्तूंची यादी आहे, ती वाचून मी पुस्तक मिटून ठेवले. केट एडोजजवळ चहा आणि साखर ठेवलेले पत्र्याचे डबे होते. मोहरीच्या रिकाम्या डबीत गहाणाच्या दोन पावत्या होत्या. त्यांतील एक जोडीदाराच्या बुटांची. सोनेतारण कर्जाच्या पावत्या जिने हजारो लिहिल्या आहेत, तिला त्या डबीजवळून पुढे जाता येईना.

दुसरे पुस्तक आपल्या मुंबईचे आहे. सुजाता मॅसी यांची ‘द विडोज ऑफ मलबार हिल’ ही २०१८ सालची कादंबरी १९२१ च्या मुंबईत घडते. नायिका परवीन मिस्त्री ही वडिलांच्या कार्यालयात काम करणारी पारशी वकील. एका दिवंगत गिरणीमालकाच्या तीन विधवा पडदा पाळून मलबार हिलवरील बंगल्यात राहत आहेत आणि तिघींनीही आपला मेहेरचा हक्क एका धर्मादाय निधीला सोडून देण्याच्या कागदावर संमती दिली आहे. कागद कायदेशीर आहे. परवीनला खटकते ते एवढेच की, त्यांतील एकीची सही म्हणजे केवळ फुलीची खूण आहे. जिला वाचता येत नाही तिने कशाला संमती दिली? परवीन स्त्री असल्यामुळे तिला जनानखान्यात जाऊन ते विचारता येते, आणि कथा तेथून सुरू होते. खून पुढे होतोच. परंतु मला विचाराल तर कादंबरीचा खरा गाभा त्या फुलीत आहे. परवीनच्या मागे कॉर्नेलिया सोराबजी यांची प्रेरणा आहे. ऑक्सफर्डला कायद्याचे शिक्षण घेतलेली ही पहिली स्त्री १८६६ साली नाशिक येथे जन्मली आणि पडदानशीन स्त्रियांच्या मालमत्तांचे रक्षण हेच तिचे पुढे जीवितकार्य झाले. नाशिककरांनाही हे फारसे ठाऊक नसते.

कादंबरी म्हणून ती थोडी पसरट आहे. परवीनच्या पूर्वायुष्याची प्रकरणे मधूनमधून गती अडवतात. पण ती फुली माझ्या डोक्यात बसली. आपल्याकडे अंगठा उठवणारा खातेदार आला की मजकूर त्याला वाचून, समजावून सांगायचा आणि साक्षीदाराची सही घ्यायची, अशी पद्धत आहे. ज्याला लिहिता येत नाही त्याच्यासाठी आपण थांबतो. बाईंची सही वळणदार होती, म्हणून मी थांबले नाही.

जपानी लेखक केइगो हिगाशिनो यांची ‘द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स’ ही २००५ सालची कादंबरी आता पुष्कळांना माहीत आहे. तिच्यावरून २०२३ मध्ये ‘जाने जां’ हा हिंदी चित्रपटही आला. गणिताचा शिक्षक, शेजारीण, तिच्या हातून सुरुवातीलाच घडलेला खून आणि तो झाकण्याची अचाट योजना. शेवट सांगणे हा वाचकद्रोह होईल. एवढेच म्हणते की, पुन्हा वाचताना मला त्या बुद्धिमान योजनेपेक्षा तिच्यात हिशेबात न धरला गेलेला एक माणूस दिसला. पहिल्या वाचनात तो माझ्या लक्षातही आला नव्हता.

आणि रिचर्ड ऑस्मन. इंग्लंडच्या केंट परगण्यातील निवृत्तांच्या वसाहतीत दर गुरुवारी चार वृद्ध जमतात आणि जुन्या न उलगडलेल्या खुनांचा छडा लावतात, अशी ‘द थर्सडे मर्डर क्लब’ या २०२० च्या कादंबरीची कल्पना आहे. या मालिकेला मी सुरुवातीला हलकीफुलकी म्हणून बाजूला ठेवले होते, ते चुकले. २०२३ च्या ‘द लास्ट डेव्हिल टु डाय’ या चौथ्या भागात मर्विन नावाचा एक एकाकी गृहस्थ आहे. तात्याना नावाच्या, कधीही न भेटलेल्या स्त्रीच्या तो प्रेमात पडला आहे आणि तिला पैसे पाठवत आहे. हा फसवणुकीचा प्रकार आहे हे बाकीच्यांना पहिल्या पाच मिनिटांत कळते. त्याला ते पटत नाही. येथे एखाद्या जुन्या लेखकाने मर्विनला विनोदी पात्र करून सोडून दिले असते. ऑस्मनची म्हातारी मंडळी त्याला मूर्ख ठरवत नाहीत. त्यांना त्याचे एकटेपण कळते, कारण ते त्यांच्याही घरात आहे. या मालिकेत कुणाकडून काही काढून घ्यायचे असले की आधी चहा होतो, केक कापला जातो. मला ते इंग्रजी लाघव वाटले होते.

बाई अजूनही दर महिन्याला शाखेत येतात. प्रथम काही महिने त्या माझ्या टेबलाकडे बघत नसत. आपल्या फसवणुकीची लाज फसवणाऱ्याला वाटत नाही, फसलेल्यालाच वाटते, आणि मला वाटे की त्या मला टाळत आहेत. खरे म्हणजे मीही त्यांना टाळत होते. दिवाळीनंतर एकदा गर्दी नव्हती तेव्हा मीच उठून गेले आणि पुस्तकाचे निमित्त केले. भालबांचा होम्स त्यांच्या हाती दिला. पुस्तक त्यांनी आठवड्यात परत आणले, कडेला पेन्सिलीने शुद्धलेखनाच्या दोन दुरुस्त्या करून.

त्या दिवशी आम्ही प्रथमच त्या सकाळविषयी बोललो. मला बरेच महिने छळणारा प्रश्न मी विचारला. ‘‘बाई, मी आणखी एकदा विचारलं असतं, तर तुम्ही सांगितलं असतंत का?’’

‘‘नसतं सांगितलं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘उगाच खोटं कशाला बोलू? तो फोनवर ऐकत होता. तू जेवढं खोदून विचारलं असतंस तेवढी मी जास्त खोटं बोलले असते. त्यानं मला उत्तरं पढवून ठेवली होती. भाच्याचं घर त्यातलंच. मला भाचा नाही.’’

इतकी वर्षे त्यांच्या खात्यावर एकच वारस आहे, त्यांची बहीण, आणि तिला मूलबाळ नाही, हे नोंदीत होते. मी ते पाहिले नव्हते.

मी गप्प राहिले. बाईंनी पुस्तक टेबलावर सरळ ठेवले आणि थोड्या वेळाने म्हणाल्या, ‘‘चहा घ्या म्हणून आत बोलावलं असतंस, आणि फोन बाहेरच राहिला असता, तर काय झालं असतं सांगता येत नाही. प्रश्न नको होते गं. मला तो फोन हातातून खाली ठेवायला काहीतरी कारण हवं होतं.’’

आता मोठी ठेव मुदतीआधी मोडायला कुणी ज्येष्ठ नागरिक एकटे आले की आमच्या शाखेत त्यांना व्यवस्थापकांच्या खोलीत बसवून चहा दिला जातो आणि मोबाईल ‘जरा चार्जिंगला लावते’ म्हणून माझ्या टेबलावर राहतो. बहुतेक वेळा खरोखरच नातवाची फी भरायची असते किंवा मोतीबिंदूची शस्त्रक्रिया असते. एकदा तसे नव्हते.

बाईंनी होम्सचा पुढचा भाग मागितला आहे. तो माझ्या खोक्यात तळाशी असणार. या रविवारी काढायला हवा.